'मनस्वी' या शब्दाविषयी

मार्च महिन्यात द्वितीय वर्षाच्या अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत असताना एका उत्तराशी मी अडले. प्रश्न साने गुरुजींच्या वाङ्मयीन व्यक्तिमत्त्वावर होता. 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, हे विद्यार्थिनीने बरोबर सांगितले होते. १९४७ च्या पंढरपूरच्या उपोषणाचा आणि १९४८ साली सुरू झालेल्या 'साधना' साप्ताहिकाचा उल्लेखही होता. शेवटी तिने लिहिले होते : गुरुजी अतिशय हळवे आणि मनस्वी होते, म्हणून त्यांना भोवतालचे जग सहन झाले नाही, आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन संपवले.

रूढ अर्थाने उत्तर चुकीचे नव्हते. आपल्याकडील मार्गदर्शिकांतून आणि वर्गातल्या टिपणांतून जे लिहिले जाते तेच ते होते. त्यातला बराचसा भाग तिने माझ्याच तासाला उतरवून घेतला असणार. तरीही 'म्हणून' या शब्दाखाली माझे लाल पेन थांबले ते थांबलेच. हळवे होते, म्हणून. मनस्वी होते, म्हणून. या एका उभयान्वयी अव्ययाने किती मोठी उडी मारली आहे, आणि ती उडी मी स्वतः किती वर्षे बिनदिक्कत मारत आले, हे त्या संध्याकाळी पालघरच्या घरात बसून मला नव्याने जाणवले. त्याविषयी लिहायचे तर मला माझ्या दादाविषयी लिहावे लागेल. त्याची परवानगी घेतली आहे. ती देताना तो म्हणाला, "लिही, पण मला संत करू नकोस, आणि कवी तर मुळीच करू नकोस."

आमचे घर चिंचणीचे. तारापूर-चिंचणीचा हा किनारपट्टा बाहेरच्यांना माहीत आहे तो अणुवीज केंद्रामुळे. १९६९ साली सुरू झालेले हे देशातले पहिले अणुवीज केंद्र. परंतु या भागाचा जुना घरगुती व्यवसाय डायमेकिंगचा, म्हणजे सोन्याचांदीच्या दागिन्यांचे ठसे पोलादात कोरण्याचा. वडील ओटीवर बसून हेच काम करीत. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. रसायनशास्त्राची पदवी घेऊन तो १९९२ साली बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागला. तीन पाळ्या, आणि दर आठवड्याला बदलणारी पाळी. ज्या घरात कोणीतरी असे पाळीवर जाते त्या घराची झोप, जेवण, सण, सगळे त्या तक्त्यावर चालते. दुपारी दादा झोपलेला असेल तर आई कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नसे.

साहित्याकडे मला दादानेच नेले. ग्रेस यांचा 'संध्याकाळच्या कविता' हा संग्रह त्याने वाचनालयातून आणला तेव्हा मी अकरावीत होते. समजत फारसे नव्हते; पण सुरूच्या बनातून किनाऱ्याकडे चालत जाताना तो त्या कविता म्हणायचा, आणि दुःख ही एक मोठी, सुंदर, काही निवडक माणसांनाच लाभणारी वस्तू आहे अशी माझी समजूत होत गेली. तो दोष कवीचा नव्हे. वाचणाऱ्या मुलीचे वय तसे होते.

दादाचे पहिले आजारपण आम्हांला आजारपण म्हणून कळलेच नाही. १९९९ चा पावसाळा. लग्नाला दोन वर्षे झालेली, मुलगा सहा महिन्यांचा. दादा पहाटे तीन-चारला जागा होऊन छताकडे बघत पडू लागला. पाळीवर जायचे म्हणून खाटेच्या कडेला बसायचा आणि एक मोजा हातात धरून अर्धा-अर्धा तास तसाच राहायचा. आवडीचे कालवण ताटात तसेच उरायचे. वर्तमानपत्राचे पान उघडे असायचे, नजर एकाच ओळीवर. विचारले तर उत्तर यायला वेळ लागे, जणू प्रश्न फार लांबून त्याच्यापर्यंत पोहोचत होता. आणि जे उत्तर येई ते ठरलेले : "माझ्यामुळे तुम्हां सगळ्यांना त्रास."

आईने दृष्ट काढली. काकांनी निदान केले की दुसरे काही नाही, कामाचा कंटाळा आहे. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि शक्तीच्या गोळ्या दिल्या. मी त्या वर्षी पालघरला तासिका तत्त्वावर शिकवायला लागले होते. घरात शिकलेली म्हणून माझ्या मताला वजन होते. मी म्हणाले, "दादा मुळातच मनस्वी आहे. त्याला त्याच्या मूडवर सोडा." त्या वाक्याचा मला तेव्हा थोडा अभिमानही वाटला असावा.

दिवाळीच्या सुमारास तो आपोआप सावरला. आपोआप सावरणे हे या विकारांचे एक फसवे लक्षण आहे. नैराश्याचा झटका उपचारांशिवायही कधीकधी काही महिन्यांनी ओसरतो, आणि मग अंगारा, टॉनिक, हवापालट किंवा बहिणीचे मत, ज्याचा त्याचा उपाय लागू पडल्याची प्रत्येकाची खात्री होते.

२००३ च्या एप्रिलमध्ये एका सहकाऱ्याच्या जागी त्याला सलग रातपाळ्या कराव्या लागल्या. दिवसा उकाड्यामुळे झोप नाही. तिसऱ्या आठवड्यात पाळी बदलली, तरी झोप परतली नाही. आणि विलक्षण गोष्ट अशी की त्याला ती नकोच होती. दोन तास झोपून तो टवटवीत उठायचा. बोलणे वाढले, वेगवान झाले, विनोदी झाले. एका विषयावरून दुसऱ्यावर अशी झेप घ्यायचा की ऐकणारा थक्क व्हावा. आणि तो लिहू लागला. एका रात्रीत वीस, तीस, चाळीस कविता, कंपनीच्या लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजूंवर.

इथे मला माझा कबुलीजबाब द्यायला हवा. त्या रात्री मी त्याच्याबरोबर जागले. सुट्टीत मी चिंचणीला आले होते. त्याने लिहायचे आणि मी स्वच्छ अक्षरात उतरून घ्यायचे, असे आठवडाभर चालले. त्यांतल्या काही कविता मी दोन दिवाळी अंकांकडे पाठवल्यासुद्धा. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, हे बरं दिसत नाही मला. ह्यांचे डोळे बघा." मी तिची समजूत घातली. निर्मितीचा झपाटा असाच असतो, असे काहीसे बोलले. वहिनी बारावी शिकलेली, माझ्याजवळ एम. ए. ची पदवी आणि लेखकांच्या चरित्रांतील दहा दाखले. तिने नवऱ्याचे डोळे पाहिले होते, मी मात्र दाखले पाहत होते.

पुढच्या पंधरवड्यात त्याने पतपेढीतून कर्ज काढले, चिंचणीत अखिल भारतीय कविसंमेलन भरवायचे म्हणून मंडपवाल्याला आगाऊ रक्कम दिली, अडवणाऱ्या वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा एकेरीवर आणले, आणि एका रात्री दोन वाजता वरिष्ठांच्या घरी जाऊन कारखान्याची प्रक्रिया आपण नव्याने शोधली आहे असे सांगत दार वाजवत राहिला. मुंबईतील एका रुग्णालयात त्याला दाखल करावे लागले. तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता (तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला). डहाणूपर्यंत लोकल गाडीही नव्हती. बोईसरहून शटलने विरार, तिथून लोकल. आणि त्या गर्दीत न थांबता बोलणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी धरून बसलेले आम्ही दोघे. लोक हसत होते. दादाही हसत होता.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "याआधी कधी उलट झालं होतं का? खूप उदास, खूप मंद?" १९९९ चा पावसाळा आम्हांला तेव्हा आठवला. दुसरा प्रश्न : "घराण्यात कोणाला?" वडील बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माझे एक काका होते. ते विरक्त झाले." विरक्त झालेल्या त्या आजोबांची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो : महिना-महिना न बोलणारे, मग एकदम गावजेवण घालणारे, आणि शेवटी घर सोडून गेलेले. डॉक्टरांनी ते शांतपणे कागदावर लिहून घेतले. आमच्या घराण्यातील एका दंतकथेचे 'कौटुंबिक इतिहास' या रकान्यात रूपांतर होताना मी पाहिले.

आजाराचे नाव बायपोलर डिसऑर्डर, मराठीत द्विध्रुवी विकार. जुने नाव उन्माद-नैराश्य. फाल्रे या फ्रेंच वैद्याने १८५४ साली 'चक्राकार वेड' म्हणून या विकाराचे वर्णन केले आणि पुढे एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८९९ साली त्याची स्वतंत्र मांडणी केली. दोन ध्रुव वेगळे दिसले तरी रोग एक, हा त्यातला मुख्य मुद्दा. आणि तोच आमच्या घरात कोणाला दिसू शकला नव्हता. आम्ही एका टोकाला आळस म्हणालो आणि दुसऱ्याला प्रतिभा.

निदान इतके का महत्त्वाचे, हेही त्याच वेळी कळले. निव्वळ नैराश्य, म्हणजे ज्यात उन्मादाचे टोक कधीच येत नाही ते, आणि द्विध्रुवी विकारातले नैराश्य ही वरून सारखीच दिसतात, पण त्यांची औषधे वेगळी. द्विध्रुवी रुग्णाला नुसती नैराश्यविरोधी गोळी दिली तर काही वेळा तो उन्मादात फेकला जाऊ शकतो. म्हणून नैराश्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला, कधी फार कमी झोपेतही फार उत्साह वाटत होता का, हे विचारावे लागते. झोपेचा तर या विकाराशी सख्खा संबंध. झोप मोडणे हे उन्मादाचे लक्षणही असते आणि कारणही होऊ शकते. बदलत्या पाळ्यांवर उभ्या असलेल्या आमच्या भागात हे वाक्य बसस्थानकावर लिहून ठेवण्यासारखे आहे. डॉक्टरांनी दादाला रातपाळी कायमची बंद करण्याचे पत्र दिले. ते मान्य करून घ्यायला आम्हांला पुढे वर्षभर झगडावे लागले, तो भाग वेगळा.

औषध लिथियम. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. इतकी वर्षे लोटली तरी या विकारावरच्या प्रमुख औषधांत ते आजही आहे. रक्तातील त्याची पातळी एका अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते : खाली गेली तर उपयोग नाही, वर गेली तर विषबाधा. म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी, मूत्रपिंड आणि थायरॉइडवर लक्ष. अंगातले पाणी फार कमी झाले, मीठ एकदम तोडले, किंवा काही वेदनाशामक गोळ्या मनाने घेतल्या, तर पातळी चढू शकते. बॉयलरजवळ घाम गाळणाऱ्या माणसाला हे समजणे फार आवश्यक होते. दादाला ते आमच्याआधी समजले. "म्हणजे माझीही बॅचच चालू आहे," तो म्हणाला. "रीडिंग चुकवायचं नाही." त्या दोन महिन्यांत तो प्रथमच स्वतःसारखा बोलला होता.

मात्र सगळ्यात अवघड भाग यानंतर आला. उन्माद उतरला की माणूस त्याने केलेल्या गोष्टींच्या ढिगाऱ्यात उभा असतो. कर्ज, मंडपवाला, वडिलांना उच्चारलेले शब्द, कारखान्यातली कुजबुज. त्यात नैराश्याची नवी लाट. मनोरुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने आत्महत्येच्या दृष्टीने विशेष धोक्याचे असतात, हे आता मला ठाऊक आहे; तेव्हा आम्ही 'घरी आला, सुटलो' अशा समजुतीत होतो. सप्टेंबरच्या एका आठवड्यात तो एकाएकी शांत झाला. नीट जेवला, आईशी बोलला. आम्हांला हायसे वाटले. त्या रविवारी त्याने मला बोलावून त्याची सगळी पुस्तके घेऊन जायला सांगितले. मनगटावरचे घड्याळ पुतण्याला देऊन टाकले होते. विम्याचे कागद आणि बँकेचे पासबुक एका पिशवीत लावून ठेवले होते.

पुस्तकांचे गठ्ठे बांधताना माझे हात गार पडले. काय विचारायचे ते मला कळत होते आणि शब्द सापडत नव्हता. मराठी साहित्य शिकवणाऱ्या बाईला शब्द सापडत नव्हता. मनात जे येत होते ते सगळे आडवळणाचे : बरं आहे ना, वेडंवाकडं काही मनात नाही ना. या दुसऱ्या प्रश्नाची तर रचनाच अशी की समोरच्याने 'नाही' म्हणावे. दादा कधीही माझ्याशी खोटे बोलला नव्हता. पण विचारले त्यापेक्षा जास्त सांगितलेही नव्हते. शेवटी मी सरळ विचारले, "दादा, तुझ्या मनात मरायचं येतं का?"

तो म्हणाला, "हो."

मग म्हणाला, "बरं झालं विचारलंस." आणि रडू लागला. कित्येक आठवड्यांत तो रडला नव्हता.

असे विचारल्याने विचार मनात पेरला जातो ही सार्वत्रिक भीती आहे. या विषयावरच्या अभ्यासांतून ती खरी ठरलेली नाही; उलट, मनातले बोलता आल्याने बहुधा ओझे हलके होते. पण अभ्यास मी नंतर वाचले. त्या क्षणी माझ्यासमोर फक्त दादाचा चेहरा होता, आणि तो कित्येक दिवसांनी माझ्याकडे बघत होता. पुढचे प्रश्न मग जमले. काही ठरवलं आहेस का? कधी? आम्ही काय काय दूर ठेवू? वहिनीने सगळी औषधे आपल्या ताब्यात घेतली. रात्री तिघांनी आळीपाळीने त्याच्याजवळ बसायचे ठरले. वडिलांनी पहिली पाळी मागून घेतली. सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

त्या रात्री वहिनीने मला हळूच विचारले होते, "पोलीस केस तर होणार नाही ना?" दादाने काहीही केले नव्हते, पण तिची भीती निराधार नव्हती. भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हा गुन्हा होता. वास्तविक मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ सालीच हे कलम घटनाबाह्य ठरवले होते. तो खटला मारुती श्रीपती डुबल या मुंबई पोलीस दलातील शिपायाचा. १९८१ च्या अपघातानंतर त्यांना मानसिक आजार जडला होता. पत्नीसाठी व्यवसायाचा परवाना मागायला गेले असता महापालिका आयुक्तांची भेट मिळाली नाही, म्हणून त्यांनी कार्यालयाबाहेरच आपले जीवन संपवण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. अशा माणसाला तुरुंगाची नव्हे, उपचारांची गरज असते, अशी भूमिका न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने घेतली. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच ठरवले. पण १९९६ मध्ये घटनापीठाने कलम पुन्हा वैध मानले. त्यामुळे २००३ साली वहिनीची भीती कायद्याला धरूनच होती.

आज स्थिती पालटली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तो गृहीत धरतो. तिच्यावर खटला चालवू नये आणि शासनाने तिला उपचार व पुनर्वसन पुरवावे असे सांगतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ ला जागाच राहिलेली नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र तिच्या कलम २२६ खाली अजूनही गुन्हा आहे, आणि हे वाचताना डुबल यांची आठवण होतेच. असो.

आता पुन्हा त्या शब्दाकडे. 'मनस्वी' हा आपल्या समीक्षेतला लाडका शब्द. लेखक लहरी असला, विक्षिप्त असला, महिनोन्महिने गप्प असला, पैसे उधळत असला, सगळ्याला हा एक शब्द पुरतो. 'वेड' या शब्दाचीही अशीच गंमत : नाटकाचे वेड आणि वेड लागणे, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. भाषेची ही लवचीकता सुंदर आहे यात शंका नाही. पण माझ्या घरात ती पडद्यासारखी वापरली गेली. मनस्वी माणसाला डॉक्टरांकडे न्यायचे नसते. हळव्या माणसाला सांभाळून घ्यायचे असते. विरक्ताला नमस्कार करायचा असतो. तीन पिढ्यांत तीन प्रतिष्ठित शब्द, आणि आजार एकच.

याचा अर्थ साहित्याने आम्हांला फसवले असा मी काढत नाही. जयवंत दळवींचा 'बॅरिस्टर' मी पुन्हा वाचला तेव्हा घराण्यातल्या वेडाची सावली वागवणाऱ्या माणसाची भीती मला पहिल्यांदा कळली. विद्यार्थिदशेत मी त्यात फक्त वाड्याचे वातावरण पाहिले होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' हा चित्रपट आला (२०१६ चे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले), तेव्हा दादा आणि मी तो शेजारी बसून पाहिला. मरणाच्या काठावरून आलेल्या एका तरुणाला त्यात कोणी उपदेश करीत नाही. त्याला जागा देतात, जेवू घालतात, वाट पाहतात. चित्रपट संपल्यावर दादा म्हणाला, "बाबा त्या रात्री असेच बसले होते." म्हणजे साहित्याला आणि कलेला हे दिसते. बहुधा आपणच समीक्षेच्या नावाखाली त्यावर विशेषणे अंथरतो.

साने गुरुजींना कोणता विकार होता की नव्हता हे सांगण्याचा अधिकार मला नाही. गेलेल्या माणसाचे निदान पुस्तकांवरून करणे हा दुसरा उतावीळपणा होईल. गांधीहत्येनंतरचे त्यांचे एकवीस दिवसांचे उपोषण, समाजाविषयीची निराशा, हे सारे खरे आहे. पण त्या काळी निराश झालेली, रडणारी, हळवी माणसे पुष्कळ होती आणि त्यांतली बहुतेक जगली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात महाराष्ट्रातील २२,७४६ आत्महत्यांची नोंद आहे, देशातील कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. त्या अहवालात कारणांचा तक्ता असतो आणि एका माणसाच्या वाट्याला एक रकाना येतो. कौटुंबिक समस्या, आजार, कर्ज. दादा त्या सप्टेंबरात गेला असता तर आमचा रकाना कर्जाचा झाला असता, आणि मी श्रद्धांजलीच्या लेखात त्याला मनस्वी म्हटले असते. दोन्ही ठिकाणी आजाराचा उल्लेख झाला नसता. एका माणसाचे मरण एका कारणाच्या पुढे 'म्हणून' लावून सांगता येत नाही, इतकेच मला म्हणायचे आहे. तिथे 'म्हणून' आला की ते अटळ वाटू लागते, आणि अटळ वाटले की विचारायचे राहून जाते.

दादा आता निवृत्त आहे. २००३ नंतर त्याला दोनदा नैराश्य आले, एकदा उन्मादाची चाहूल लागली. दर वेळी आधी वहिनीने ओळखले, आणि मी वाद घातला नाही. लिथियमने हात किंचित कापतो, त्यामुळे वडिलांची कोरणी त्याला धरता येत नाहीत, याचे त्याला वाईट वाटते. त्या एप्रिलमधल्या कविता त्याने मागे एकदा वाचायला मागितल्या. चाळीस पाने चाळून तीन बाजूला काढल्या आणि म्हणाला, "ह्या बऱ्या आहेत. ह्या मी आजही लिहिल्या असत्या." दिवाळी अंकांनी त्या तेव्हा परत पाठवल्या होत्या हे एका परीने बरे झाले.

त्या उत्तरपत्रिकेला मी पूर्ण गुण दिले आणि समासात लिहिले, "'म्हणून' या शब्दाविषयी बोलू. भेटावे." ती मुलगी बोईसरहून येते. घाबरतच आली. मी तिला वर लिहिले त्यातले थोडेसे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, "मॅडम, सरळ विचारलं तर चालतं ना? म्हणजे, नक्की चालतं?" कोणाविषयी ते मी विचारले नाही. आधी तिला विचारले की ती स्वतः कशी आहे, आणि तिने मान हलवल्यावर पुन्हा एकदा, स्पष्ट शब्दांत विचारले. मग चालते असे सांगितले, काय विचारायचे आणि 'हो' आले तर काय करायचे ते सांगितले : एकटे सोडायचे नाही, मोठ्या माणसाला सांगायचे, डॉक्टरांकडे न्यायचे. 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिला. २०२२ पासून तो चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. तिने तो वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला आणि साडेचारच्या गाडीसाठी धावत गेली.

दुसऱ्या दिवशी ती तासाला आली, आणि तिच्याबरोबर आणखी एक मुलगी होती. तास संपल्यावर दोघी दाराशी थांबल्या.